ओटीएसचे हप्ते चालू असताना घरात कॅन्सर निघाला तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात: मिस्टरांचा फ्लेक्स प्रिंटिंगचा धंदा बंद पडला आणि नागरी सहकारी बँकेचं १९ लाखांचं कर्ज थकीत झालं. बँकेने १२ लाखांत ओटीएस (वन टाइम सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवायची तडजोड) मंजूर केली. २ लाख आधी भरायचे आणि उरलेले १० लाख दरमहा १ लाखाच्या दहा हप्त्यांत. मशीन विकून आणि दिरांच्या मदतीने चार हप्ते भरले. आता मिस्टरांना लिम्फोमा निघाला आहे, २१ दिवसांच्या अंतराने सहा केमो सांगितल्या आहेत. राहतं घर तारण आहे, मी सहकर्जदार आहे. शिवाय पतसंस्थेचं ३ लाखांचं कर्ज आहे, त्याला दोन जामीनदार आहेत, आणि क्रेडिट कार्डाचे १ लाख २० हजार आहेत. पुढचा हप्ता बारा दिवसांवर आला आहे. मी नोकरी करते, पण माझ्या पगारात हे सगळं बसत नाही. आधी काय भरू?

उत्तर:

ताई, आधी एक हिशेब करा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. तुम्ही ६ लाख भरलेत, ६ लाख राहिलेत. हे ६ लाख ठरल्याप्रमाणे गेले तर १९ लाखांचं कर्ज मिटतं. ओटीएस मोडली तर भरलेले ६ लाख मूळ येण्यात वळते होतात आणि तुमच्या नावावर १३ लाख राहतात, वर थकीत काळाचं व्याज. म्हणजे तुमच्याकडे जी काही ताकद उरली आहे, ती वापरून सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथे. कार्डवाला दिवसातून सहा फोन करतो आणि बँक गप्प आहे, म्हणून कार्डाचे पैसे आधी भरण्याची चूक फार घरांत होते. कोण जास्त ओरडतं यावर क्रम ठरवू नका. काय मोडलं तर किती नुकसान होईल, त्यावर ठरवा.

आजारपणामुळे हप्ता आपोआप थांबतो असा कोणताही नियम आपल्याकडे नाही. कोविडच्या वेळी २०२० मध्ये मिळालेली सहा महिन्यांची सवलत आणि नंतरच्या पुनर्रचनेच्या योजना त्या काळापुरत्या होत्या, त्या केव्हाच बंद झाल्या. कोर्टातून मुदत मिळेल, ही आशाही धरू नका. ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात तर उच्च न्यायालयाने ओटीएसला दिलेली मुदतवाढच रद्द केली. बँकेने मान्य केलेल्या अटी कोर्ट बदलणार नाही, हा त्यातला मुद्दा. तेव्हा मुदत मिळाली तर बँकेकडूनच मिळेल, आणि ती मागायची वेळ हप्त्याच्या तारखेच्या आधीची. तारीख उलटून गेल्यावर तोच अर्ज 'चुकलेल्या कर्जदाराची सबब' म्हणून वाचला जातो.

आज रात्री ओटीएस मंजुरीचं पत्र काढून चार गोष्टी शोधा. हप्ता चुकल्यावर सवलतीचे दिवस आहेत का? अनेक पत्रांत नसतात. उशिराच्या दिवसांना व्याज लावून हप्ता घ्यायची तरतूद आहे का? 'एकही हप्ता चुकल्यास तडजोड रद्द समजण्यात येईल' असं वाक्य आहे का? आणि मंजुरी कोणी दिली आहे: संचालक मंडळ, वसुली समिती की मुख्य कार्यकारी अधिकारी? शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण मुदतवाढही तेच देऊ शकतात. शाखाधिकाऱ्याच्या हातात काही नसतं. 'बघू, काळजी करू नका' असं तो मनापासून म्हणत असेल, पण ती मुदतवाढ नव्हे. सहकारी बँकेत मंडळाची किंवा समितीची बैठक साधारण महिन्यातून एकदा होते आणि विषयपत्रिका काही दिवस आधी बंद होते. उद्या फोन करून बैठकीची तारीख विचारा. बारा दिवसांत बैठक असेल तर अर्ज विषयपत्रिकेत जायलाच हवा.

अर्ज एका पानाचा ठेवा. असा:

'विषय: ओटीएस पत्र क्र. … दि. … मधील उर्वरित हप्त्यांना मुदतवाढ मिळण्याबाबत.
महोदय, वरील पत्रानुसार १२ लाखांपैकी ६ लाख रुपये ठरलेल्या तारखांना भरले आहेत. पावत्या सोबत जोडल्या आहेत. कर्जदार श्री. … यांना दि. … रोजी लिम्फोमाचे निदान झाले असून २१ दिवसांच्या अंतराने सहा केमोथेरपी ठरल्या आहेत. उपचार साधारण दि. … पर्यंत चालतील. या काळात दरमहा १ लाख भरणे शक्य नाही. तडजोडीच्या रकमेत आणखी कोणतीही सूट मागत नाही. उर्वरित ६ लाख रुपये पहिले चार महिने दरमहा २५ हजार व पुढील पाच महिने दरमहा १ लाख याप्रमाणे भरण्यास परवानगी द्यावी. लांबलेल्या काळासाठी बँक ठरवील त्या दराने सरळ व्याज देण्यास तयार आहे. निर्णय होईपर्यंत दिलेले चेक वटवण्यास पाठवू नयेत, ही विनंती.'

खाली दोघांच्या सह्या. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट, उपचार किती काळ चालणार याचं डॉक्टरांचं पत्र आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक. एवढंच पुरे, पूर्ण फाईलच्या झेरॉक्स देऊ नका, कोणी वाचत नाही. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने मुख्य कार्यालयाला पाठवा आणि ईमेलही करा.

'आणखी सूट मागत नाही' हे वाक्य गाळू नका. मुदत आणि सूट एकत्र मागितली की तो नवा तडजोड प्रस्ताव ठरतो, तो पुन्हा पहिल्यापासून फिरतो, आणि तेवढ्यात जुन्याची तारीख जाते. नुसती मुदत मागितली तर समितीपुढे सोपा प्रश्न राहतो: नऊ महिन्यांत ६ लाख घ्यायचे, की घराचा ताबा, लिलाव आणि खटला यांत दोन वर्षं घालवायची? वरच्या वेळापत्रकाने लांबणीची किंमत फार नाही. दहा टक्के सरळ व्याज धरलं तर साधारण १३,७५० रुपये होतात. सात लाखांच्या सवलतीपुढे ही रक्कम द्यायला मागेपुढे पाहू नका. २५ हजारही जमणार नसतील तर १५ लिहा. शून्य मात्र लिहू नका. पैसे येत असलेलं खातं बंद करायला समितीवरही दडपण येतं. आणि जेवढे झेपतील तेवढेच लिहा, कारण दुसऱ्यांदा मुदत मिळणं जवळपास अशक्य.

तारीख आली आणि उत्तर आलं नाही, तर अर्जात लिहिलेली रक्कम त्या दिवशी भरा आणि स्लिपसोबत 'मुदतवाढ अर्जाच्या अधीन राहून भरणा' अशी दोन ओळींची चिठ्ठी द्या. ओटीएस टिकेल याची ती हमी नव्हे. पण टाळाटाळ करणारा आणि अडचणीत सापडलेला, यांतला फरक त्या कागदावर राहतो.

ओटीएससाठी पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर ते वेगळं प्रकरण आहे. चेक परत गेला की बँकेला ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८ चा फौजदारी दावा लागतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ तसंच लागू होतं. आजारपण हा त्यात बचाव नाही. म्हणून चेकच्या तारखेला खात्यात पैसे नसतील हे माहीत असेल तर आधीच लेखी कळवा, आणि नोटीस आलीच तर ती घेऊन वकिलाकडे जा. परत पाठवून उपयोग नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना उशिरा कळते. ज्या बँकेचं देणं आहे, त्याच बँकेतल्या बचत खात्यात उपचाराचे पैसे ठेवू नका. थकीत कर्जापोटी बँक आपल्याकडची तुमची शिल्लक वळती करू शकते. मेडिक्लेमचे पैसे, नातेवाईकांनी पाठवलेली मदत, पीएफची आगाऊ रक्कम, सगळं दुसऱ्या बँकेत आलं पाहिजे. विमा कंपनीकडे, कंपनीच्या एचआरकडे आणि पीएफच्या पोर्टलवर जुना खाते क्रमांक असेल तर या आठवड्यात बदला. पतसंस्थेत ठेव किंवा आवर्तक खातं असेल तर तिथेही हाच धोका.

तुमचा पीएफ असेल तर नवऱ्याच्या आजारपणासाठीही त्यातून आगाऊ रक्कम मिळते, ती परत भरायची नसते. पीएफची शिल्लक कोणत्याही देण्यापोटी जप्त करता येत नाही, हे संरक्षण कायद्यातच आहे. त्यामुळे ती बँकेला देण्यासाठी काढू नका, उपचारांसाठी काढा. पगार २१ हजारांच्या आत असून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात असेल तर नवरा तुमच्या कार्डावर अवलंबून म्हणून उपचार घेऊ शकतो. (वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतः ईएसआयसीत असून असा दीर्घ आजार झाला असेल तर त्यांच्यासाठी: ठरवून दिलेल्या ३४ आजारांत, कर्करोगासह, सरासरी रोजंदारीच्या ८० टक्के भत्ता जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतो. पात्रता तपासा. कित्येक कामगार अर्जच करत नाहीत.)

उपचारांचा खर्च जितका खाली येईल तितके पैसे हप्त्यासाठी मोकळे होतील, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी बघा. जुलै २०२४ पासून ती सर्व रेशनकार्डधारकांना खुली आहे, पांढऱ्या कार्डालाही, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आडवं येतं ते इतकंच की योजना पूर्णपणे कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर मागता येत नाहीत. त्यामुळे पहिली केमो घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. ते रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचा उपचार यादीत बसतो का, हे तोच सांगतो. १५५३८८ वर फोन करूनही कळतं. रेशनकार्डावर मिस्टरांचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नसेल तर मंजुरी अडते, ते आधी दुरुस्त करून घ्या. रुग्णालय योजनेत नसलं पण धर्मादाय ट्रस्टचं असलं तर तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि त्यात धंदा बंद झाल्यानंतरचं उत्पन्न यायला हवं. जुन्या आयटी रिटर्नवरचं नको.

मूळ कर्ज घेताना विमा गळ्यात मारला होता का, तेही पाहा. बँका बहुधा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवतात आणि प्रमाणपत्र देत नाहीत. शाखेत विमा प्रमाणपत्राची प्रत लेखी मागा. बहुतेकदा तो नुसता मृत्यूचा विमा निघतो. पण गंभीर आजाराचं कलम असेल तर साधारण ९० दिवसांचा प्रतीक्षाकाळ केव्हाच संपला असेल, आणि निदानानंतर ३० दिवस हयात असण्याची अट असते. दावा विमा कंपनीकडे करायचा असतो, पण गटविम्याची मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असल्याने बँकेला मास्टर पॉलिसीधारक म्हणून सही करावी लागते. कर्ज एनपीए (बुडीत-थकीत) झालं म्हणून विमा संपला, असं शाखेतला कोणी सांगेल. त्याचं न ऐकता प्रमाणपत्रावरची मुदत वाचा.

पतसंस्थेचा विचार घाईने करावा लागेल, कारण तिथे दोन माणसं अडकलेली आहेत. हप्ते थकले की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवते. तो निघाला की तुमच्या आधी जामीनदारांच्या पगारावर कपात येऊ शकते. जामीनदारांना वसुली अधिकाऱ्याकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. संस्थेकडे हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा अर्ज संचालक मंडळाच्या सभेआधी द्या, जमलं तर जामीनदारांच्या सह्यांनिशी. त्यांच्या सह्या असल्या की मंडळ सहसा ऐकतं. ३ लाखांना तीन वर्षांत १४ टक्क्यांनी महिना १० हजारांच्या आसपास बसतात. पाच वर्षं केलीत तर ७ हजारांच्या घरात येतील. व्याज जास्त जाईल, जाऊ दे. पतसंस्थेबद्दलची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे चालत नाही, ती उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची.

कार्ड शेवटी. महिना साडेतीन टक्क्यांनी १ लाख २० हजारांवर ४,२०० रुपये नुसतं व्याज, आणि किमान देय पाच टक्के धरलं तर ६ हजार. त्यापेक्षा खातं फार जुनं थकण्याआधी कार्ड कंपनीला फोन करून थकबाकीचे ३६ महिन्यांचे हप्ते करून मागा. १८ टक्क्यांनी सुमारे ४,३४० रुपये होतात, म्हणजे आजच्या किमान देयापेक्षा कमी, आणि कर्ज संपतंही. नाही म्हणाले तर चार महिने कार्ड मागे राहू द्या. ओटीएसमुळे सिबिल तसंही बिघडलेलंच आहे, तिथे वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत येऊ शकतात, शेजाऱ्यांना किंवा नातेवाइकांना फोन करणं नियमाबाहेर आहे. वॉर्डमध्ये फोन येऊ लागले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे. नागरी सहकारी बँकेबाबत लोकपाल, तिच्या ठेवी ५० कोटींच्या वर असतील तर. मात्र ओटीएसला मुदत द्या असं लोकपाल सांगणार नाही. तो बँकेचा धंद्याचा निर्णय मानला जातो.

नवीन कर्ज काढून जुनं भरायचं नाही, याला एकच अपवाद. बँकेने मुदत नाकारली आणि घरात सोनं असेल, तर दुसऱ्या बँकेत सोनंतारण करून हप्ते पुढे न्या. सोन्यावर कर्ज देताना सिबिल फारसं आडवं येत नाही, आणि ६ लाखांत १३ लाख मिटणार असतील तर दहा-अकरा टक्के व्याज परवडतं. सावकाराकडे जाऊ नका. आणि 'आम्ही तुमचं कर्ज सेटल करतो, तोवर बँकेला काही भरू नका' म्हणणाऱ्या कंपन्यांना दारात उभं करू नका. ओटीएस चालू असताना हा सल्ला म्हणजे घर घालवणं.

कारण ओटीएस मोडली तर बँक आधी जिथे थांबली होती तिथून पुढे निघते. सहकारी बँकांनाही सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायचा कायदा) लागू आहे, हा वाद मे २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणातच मिटला. ओटीएसच्या आधी या कायद्याच्या कलम १३(२) ची, ६० दिवसांत पैसे भरा अशी नोटीस आलेली असेल, तर पुढची पायरी थेट ताबा. ताब्याच्या नोटिशीपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं, मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर यांपैकी तुम्हाला लागू असेल तिथे. पूर्ण रक्कम भरून घर सोडवून घ्यायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. लिलावाच्या दिवसापर्यंत वेळ आहे, हा जुना समज आता खरा नाही.

बोलायला जड जाणारी एक गोष्ट आहे, पण ती पहिल्या केमोच्या आधीच करा. मिस्टरांना बँकेत येणं जमणार नाही असे आठवडे येतील. ते ठीक असतानाच तुमच्या किंवा दिरांच्या नावाने मुखत्यारपत्र करून बँकेत नोंदवा, आणि त्यांच्या एकट्याच्या खात्यांवर तुमचं नाव लावून घ्या. मुखत्यारपत्र त्यांच्या हयातीपुरतंच चालतं. वारसांवर कर्जाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती असते, पण तुम्ही सहकर्जदार आहात, म्हणून तुमच्यावर ती पूर्ण आहे. दीर किंवा मुलगा यांनी मदतीच्या भरात आता कुठल्याही कागदावर जामीनदार म्हणून सही करू नये. मुदतवाढीच्या बदल्यात बँक नवा जामीनदार मागू शकते. त्याऐवजी वाढीव व्याज द्यायची तयारी दाखवा.

शेवटचा हप्ता गेला की 'कर्ज पूर्ण फिटले, काहीही येणे नाही' असं पत्र घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. चेक परत मागा, दावा लागला असेल तर तो मागे घेतल्याचा कोर्टाचा कागद घ्या, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा कमी करण्यासाठी बँकेचं पत्र तलाठी किंवा भूमापन कार्यालयात द्या. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या नोंदीतूनही बोजा काढून घ्या.